ट्रेलरमधली दुसरी बॅटरी

बाबा, आम्ही ट्रेलर घेतलाय. सामान वाहायचा नव्हे, राहायचा. चाकांवरची एक खोली, गाडीच्या मागे जोडून न्यायची. आत दोन बिछाने, छोटासा ओटा आणि तीन बाजूंना खिडक्या. ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी एकच विचारलं, सिंगापूरमध्ये हे धूड ठेवणार कुठे? प्रश्न रास्तच आहे. आंग मो किओला आमच्या ब्लॉकखाली साध्या गाडीला जागा मिळताना मारामार, ट्रेलर कोण लावू देतोय! तो असतो कॉजवेच्या पुलापलीकडे मलेशियात, जोहोरच्या पूर्व किनाऱ्यावर, एका नारळाच्या बागेत. बागेच्या मालकीणबाई तंबू-ट्रेलरवाल्यांना जागा देतात. विहीर आहे, न्हाणीघर आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, फक्त वीज नाही. तुम्ही असतात तर ठेवणार कुठे हे विचारलंच नसतंत. तुम्ही विचारलं असतंत, ‘वीज कुठून घेणार?’ आणि माझं उत्तर येईपर्यंत चष्मा पुसत बसला असतात.

हे सगळं आईसाठी. तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं ती सांगलीला एकटीच राहिली, हट्टाने. आता माझ्याकडे आहे. तुम्ही न पाहिलेला जावई तिला ‘आई, चहा घेणार का’ म्हणून स्वतः करून देतो आणि तुम्ही न पाहिलेली नात तिच्याशी निम्मं मराठी, निम्मं इथलं इंग्रजी बोलते. सगळं ठीक आहे, पण झोपेत तिचा श्वास अडकतो. रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं आणि एका छोट्या मशीनने हवा देत राहायची, असा उपाय आहे. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, की यांचा ऑक्सिजन फार खाली जातो, एकही रात्र चुकवू नका. आणि आईची इच्छा काय, तर समुद्राजवळ झोपायचं. ‘हे जन्मभर समुद्रावर झोपले. मला एकदा ऐकू दे काय ऐकत होते ते.’ ऑफिसरांच्या बायकांना जहाजावर नेता यायचं, तुम्ही दर खेपेला तिला विचारायचात आणि ती दर खेपेला माझी शाळा पुढे करायची, हे मला तिने आत्ता सांगितलं. हॉटेलात नेऊन पाहिलं, तर काचा बंद, एसी चालू. समुद्र टीव्हीसारखा दिसतो, ऐकू येत नाही. तंबूत जमिनीवरून तिला उठवत नाही. म्हणून ट्रेलर.

निवडताना घरात रीतसर भांडण झालं. नवरा जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहे; रोज कंपनीच्या बसने तसल्या अजस्र यंत्रांकडे जाणारा माणूस, त्याला लहान काही आवडतच नाही. त्याला एसीवाला, मोठा, मागे शॉवर असलेला ट्रेलर हवा होता. विकणारे चिनी अंकलही त्याच्याच बाजूचे. ‘मॅडम, धिस वन गॉट एअरकॉन, व्हेरी शिओक!’ शिओक म्हणजे इथल्या भाषेत झकास. मी विचारलं, वीज नाही तिथे हा एसी रात्रभर कशावर चालणार? अंकलनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे पाहिलं. तिथे उभ्या उभ्या मला तुमचा आवाज आला, बाबा. आधी भार मोज, मग यंत्र बघ. तुम्ही जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतात आणि घरी मिक्सर आणायचा तरी हीच भाषा. मग मी भार मोजला. मशीन, दोन पंखे, दिवे, औषधं आणि दूध ठेवण्यापुरता फ्रिज. मशीनमध्ये हवा गरम-ओलसर करायची सोय असते, ती सगळ्यात जास्त वीज खाते आणि इथल्या दमट हवेत तिची गरजच नाही, हे कळल्यावर मला मी फार हुशार असल्यासारखं वाटलं. मशीन इन्व्हर्टरवर न लावता सरळ बॅटरीवर चालवायची वायरही मागवली. लहान, जुना, पण छत भक्कम असलेला ट्रेलर घेतला, छतावर सोलर पॅनेल, बिछान्याखाली एक चांगली बॅटरी. नवऱ्याने हिशेब तपासला आणि म्हणाला, ‘बरोबर आहे.’ त्याच्या तोंडून हे शब्द सहसा निघत नाहीत.

सांगलीचं लोडशेडिंग तुम्हाला आठवत असेल. तुम्ही सुट्टीवर आलात आणि आम्ही संध्याकाळी मेणबत्त्या लावून बसतो हे तुम्हाला बघवेना. ट्रकची एक बॅटरी आणलीत, बाहेरच्या खोलीत माझ्या अभ्यासाला दिवा, एक पंखा, आणि स्वयंपाकघरात ट्रकवाले केबिनमध्ये लावतात तसला छोटा पंखा. मी मैत्रिणींना घरी बोलावून दाखवायचे. आणि मग तुमच्या लक्षात आलं, की वीज गेली रे गेली की आई आपला पंखा बंद करते. चुलीसमोर बसल्यासारखी घामाने निथळत भाकऱ्या थापतेय. तुम्ही दारात उभे आहात, मी मागे वही घेऊन. ‘हा बंद का?’ ‘असू दे. तेवढाच पोरीच्या दिव्याला जास्त वेळ मिळेल.’ तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत, त्या दिवशी चढवलात. ‘जहाजावर वीज कमी पडली तर आधी काय बंद करायचं ते ठरलेलं असतं. इंजिनरूमचा वारा कधीच पहिला बंद करत नाहीत!’ आईने भाकरी उलटली. ‘हे जहाज नाही,’ म्हणाली. एवढ्या मोठ्या बोटींवर हुकूम चालवणारा माणूस चष्मा पुसत बाहेरच्या खोलीत गेला, मला तर हसूच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून दुकानात नेलंत आणि एक लहान बॅटरी घेतलीत. नवी कोरी. घरी येऊन थेट गच्चीवर. तिथे तुम्ही तिचं स्टिकर पुसट होईपर्यंत खरवडलंत, आणि कोपऱ्यातली धूळ बोटांनी तिच्यावर चोळलीत, अगदी मन लावून, जणू पॉलिशच करताय. मला तोंडावर बोट ठेवून दाखवलंत. मग ती स्वयंपाकघरात नेऊन फक्त आईच्या पंख्याला जोडलीत आणि म्हणालात, ‘कोपऱ्यात एक जुनी पडून होती, वाया गेली असती.’ वाया हा शब्द ऐकला की आईचा निरुपाय. त्या दिवसापासून ती पंखा इमानेइतबारे लावायची, थंडीतसुद्धा, चार्ज फुकट जाईल म्हणून. वरच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा विचारलं होतं, दोन्ही बॅटऱ्या एकत्र का नाही जोडल्या, सगळ्यांनाच जास्त पुरलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘राहून गेलं.’ मला वाटायचं, धूळ लावली ती आई खर्चावरून ओरडेल म्हणून. आणि बाबांचं काम कधी कधी अर्धवट राहतं, असंही वाटायचं.

तर आमची पहिली रात्र. मालकीणबाईंनी आई येणार म्हणून मोठ्या मायेने सगळ्यात गार, गर्द सावलीची जागा काढून ठेवली होती. आम्ही आभार मानून ट्रेलर तिथे लावला, आणि दिवसभर नारळाच्या झावळ्यांची सावली पॅनेलवर खेळत राहिली. माझ्यातल्या हुशार बाईला वर बघायचं सुचलं नाही. अंधार पडला तेव्हा बॅटरी निम्मीच भरलेली. म्हणून आम्ही फ्रिज बंद केला, एक पंखा बंद केला आणि हिशेब केला, मशीन आणि पोरीचा पंखा सकाळपर्यंत निघतील. खिडक्या उघड्या, लाटांचा आवाज आत येतोय, आई डोळे मिटून ऐकतेय. बॅटरी किती उरली हे दाखवणारा छोटा पडदा तिच्या उशाशीच होता. तो तिथे लावला होता मीच.

उजाडताना मला जाग आली ती शांततेने. पोरीचा पंखा फिरत होता, आईचं मशीन बंद. मास्क नीट घडी घालून उशीशेजारी. मी तिला हाक मारली, हलवलं, दुसऱ्या हाकेला तिने डोळे उघडले. डोकं ठणकत होतं, बोलणं जड. चहा पिता पिता बसल्या जागी तिचा डोळा लागला आणि कप मांडीवर कलंडला. मग मी जी काही ओरडले, बाबा, बागेतली कुत्रीसुद्धा उठून गेली. ती शांतपणे म्हणाली, ‘आकडा खाली खाली चालला होता गं. पोरीला उकडलं असतं. माझं काय, एक रात्र.’ तिला घेऊन तडक सिंगापूरला परत आलो. रस्ताभर मी तिच्या श्वासाकडे बघत होते, आणि कुठेतरी कॉजवेवरच्या रांगेत उभं असताना मला सांगलीचं स्वयंपाकघर दिसलं. तुमचं काहीही राहून गेलेलं नव्हतं. दोन बॅटऱ्या जोडल्या असत्या, तर आईने आपला पंखा बंद करून दिव्याला दिला असता. वेगळ्या ठेवल्यात, म्हणजे तिने बंद केला तरी कोणालाच काही मिळणार नव्हतं. भांडून जे जमत नव्हतं ते तुम्ही एक तार न जोडता केलंत. मला तुमचा इतका अभिमान वाटला की इमिग्रेशनच्या खिडकीवर मी पासपोर्टऐवजी पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या खेपेला ट्रेलर उन्हाकडे सरकवून घेतला. उशाजवळचा तो आकड्यांचा पडदा काढला. आणि आईच्या बिछान्याखाली एक लहान बॅटरी ठेवली, तिला फक्त मशीन जोडलेलं. त्याआधी मी किनाऱ्यावर बसून स्टिकर खरवडलं आणि मूठभर माती-वाळू चोळली. नवरा बघत होता. ‘गॅरंटी जाईल,’ एवढंच म्हणाला.

आई वाकली, बघितलं. ‘ही दुसरी कशाला?’

‘अंकलच्या दुकानात जुनी पडून होती. वाया गेली असती.’

आईने बॅटरीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. तेवढ्यात नात ओरडली, ‘आजी, नॉट ओल्ड लाह! ममाने सँड लावली! ब्रँड न्यू वन!’

‘गप गं,’ आई म्हणाली. ‘आजोबांचीपण अशीच जुनी होती.’ आणि बोट पदराला पुसून, मास्क लावून, समुद्राकडे तोंड करून झोपली.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही तिला फसवलंत. नाही बाबा. तिने फसून दाखवलं, आणि पंखा थंडीतही चालू ठेवला.

हे पत्र ट्रेलरच्या ओट्याच्या खणात काडेपेटीखाली ठेवतेय, आणखी कुठे टाकणार. एक मात्र कबूल करते. या दुसऱ्या खेपेच्या रात्री आईचं मशीन चालू आहे का बघायला दर तासाला उठेन, असं मी नवऱ्याला छातीठोक सांगितलं होतं. मी एकदाही उठले नाही. तुम्ही घरी असताना झोपायचे तशी झोपले.