ह्यांच्या पावलांचं घर

६ मार्च
जुनी वही घरासोबत गेली. ही अंगणवाडीच्या कपाटातली कोरी.
आज तिसरा दिवस, तरी गादीच्या कापसातून धूर निघूनच राह्यला. पाणी मारलं की फुस्स करतो, परत सुरू.
परवा दुपारी मी अं.वाडीत खिचडी वाढत होते. गल्लीतून ओरडा आला. पळत गेले तर मीटरपासून आढ्यापर्यंत आग. हे बाहेर ओट्यावर बाज विणत बसल्ते. म्हणजे सुटले. पण समोरच्या रुखसानाभाभीला धुरात हे दिसले न्हाईत, वाटलं, आत झोपलेत. ती ह्यांना काढायला आत घुसली, अन् तिचं खोकणं ऐकून हे तिच्या मागं.
पुढचं आज लिहवत न्हाई.

७ मार्च
भाभी नळावर सांगत होती, सगळ्या बायांपुढं.
"धुवां ऐसा था, हातकू हात नई दिखरा था. दरवाजा किधर, समजाच नई. फिर भाईका आवाज आया. भाभी, खांसते रहो, मैं आरा."
खोकत राहा म्हणले! त्या आवाजावर गेले, हात धरला, बाहेर आणलं. ह्यांना नवव्या वर्षी गोवरात डोळे गेले. धुराचा ह्यांना काय फरक? बाकी सगळे आंधळे झाल्ते, हे तेवढे नेहमीसारखे चालले.
कुणी वाखाणलं की एकच बोलतात, "घर माझं. वाट मला न्हाई तर कुणाला ठाऊक?"
डावा तळहात पोळलाय. फोड आलेत. बाज ह्याच हातानं ताणतात.

११ मार्च
भाभीनं पुढची खोली दिली. तिच्या मालकानं स्वतःचा पलंग आत नेला, आम्हाला जागा केली.
ग्रामपंचायतीत सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. परत येताना हे भाभीच्या उंबऱ्याला अडखळून पडले, शालीसकट. कपाळाला टेंगूळ.
आपल्या घरात भरली कळशी घेऊन चालायचे, थेंब सांडायचा न्हाई. एकोणीस वर्षांत मला कधी म्हणले न्हाईत की मला मोरीपर्यंत ने. काल म्हणले. हळू आवाजात, भाभीला ऐकू जाऊ नये असं.
मंग भिंतीकडं तोंड करून बसले.

१३ मार्च
दीर जालन्याहून आल्ते. म्हणले, "वहिनी, दादाला घेऊन तिकडं चला. खोली बघतो. इथं राजूरला आता काय उरलं?"
चांगल्या मनानं म्हणले. मलाही वाटलं, जावं. हे ऐकून घेत होते. जेवले, हात धुतला, म्हणले, "विचार करू दे."
मला तर ह्यांचा नकारच बरा वाटला असता. विचार करू दे म्हणले म्हणजे खचले.

१५ मार्च
सकाळी उठले तर हे जागेवर न्हाईत. बाहेर आले तर हे आपल्या जळक्या घरात. एकटे. भिंती धरत धरत गेल्ते. गुडघा फुटल्ता, पाय कोळशावाणी काळे.
"काय करून राह्यले हो?"
"काय काय उभं आहे ते बघून राह्यलो. मागची भिंत बराबर आहे. पाया बिलकुल हलला न्हाई." मंग म्हणले, "माझ्या भावाला सांग, आम्ही इथंच राहतो."
मी रागावणार होते. पाय धुवून दिले फक्त.

२४ मार्च
हा दिवस मला जपून ठेवायचाय.
काशीनाथ मिस्तरी आल्ते. मी रात्रभर जागून आठवून नकाशा काढल्ता. दार तिथंच, चूल तिथंच, मोरी तेवढ्याच पावलांवर. मिस्तरींना म्हणले, तसंच्या तसं बांधा, बोटभर इकडं तिकडं नको.
हे म्हणले, "का?"
"तुमच्यासाठी. नवीन शिकायला नको."
"त्या घरात खिडकी न्हवती. तू एकोणीस वर्षं अंधारात स्वैपाक केलास."
"अंधार तुम्हाला कसा कळला?"
"भरदुपारीसुद्धा दिव्याचं बटण दाबायचीस. मला ऐकू यायचं."
मिस्तरी दुसरीकडं बघायला लागले.
"मिस्तरी, चुलीजवळ मोठी खिडकी काढा. दार हिला पाहिजे तिकडं घ्या. मी शिकतो, मला काय."
ह्या माणसाला मी रोज हात धरून बाजारात नेते, अन् वाटतं की मी नेते.

५ एप्रिल
मंदिराच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यानं दोन बाजा विणायला धाडल्या. हाताला नवी कातडी आलीय, गुलाबी. काल अर्धी बाज विणून थांबले. विणायची पट्टी ताणली की दुखतं. मी म्हणले, उद्या करा. आज पुरी केली.
भाभीच्या घरात आता सरळ चालतात. तिनं आपल्या माणसांना दटावलंय, सामान हलवायचं न्हाई. म्हणते, "हमारे घरकू भाई हमसे जादा पैचानते."

२१ एप्रिल
जुन्या जळक्या भिंती पाडाव्या लागल्या, मागची तेवढी ठेवली. दार पूर्वेला आलं. हे रोज दोनदा जातात, विटांना हात लावत फिरतात. दर वेळी कुठंतरी धडकतात. आज खांद्याला लागलं. चेहऱ्यावर काहीच न्हाई. विचारलं तर, "पाय जुन्याच घरात चालतात अजून."

९ मे
भिंती डोक्याएवढ्या झाल्या, पैसे सरले अन् काम थांबलं. मिस्तरी दुसऱ्या कामाला गेले. घरकुलाच्या यादीत नाव येईल म्हणतात, कधी ते कुणी सांगत न्हाई. पाऊस महिन्यावर आलाय अन् वर पत्रा न्हाई. मला झोप न्हाई. भाभी म्हणते, "पूरा बरसात रैना. कौन निकालरा तुमकू?"
संध्याकाळी हे म्हणले, आज मी एकटा जातो, भिंतीला हात न लावता. तू बोलायचं न्हाई.
मी भाभीच्या दारातून बघत राह्यले. गल्ली ओलांडली. दार चुकलं. दोन हात पुढं गेले, भिंतीवर आदळता आदळता थांबले. हाक अगदी ओठावर आल्ती. मारली न्हाई.
मंग वळले. परत भाभीच्या पायरीपर्यंत आले, माझ्याशेजारी उभे राह्यले, श्वास घेतला, अन् पहिल्यापासून निघाले.