झाकणाखालचे अकरा

२ नोव्हेंबर, रविवार
आईनं फोनवर विचारलं, मेलेल्या गोऱ्या साहेबाचे कागद वाचायला तुला विमानानं का नेलं गं? मला हसू आवरत नव्हतं. घरातली पहिली पदवीधर, आणि नोकरी थेट दोह्यात! फरीज बिन ओमरानमध्ये खोली मिळाली आहे, खालीच करक चहाचं दुकान. संग्रहालय खासगी, प्रमुख मालविकाताई पुण्याच्या. एडमंड थॉर्नली नावाचा आरमारी अधिकारी पुढे एका बेटाचा गव्हर्नर झाला, त्याच्या कारकिर्दीचा फलक मी लिहायचा. कागद पोलादी दाराच्या थंड खोलीत असतात. हवेतला दमटपणा पन्नास टक्क्यांच्या वर जाता कामा नये, म्हणून ते दार कायम बंद. मी रेंगाळले की रखवालदार इब्राहीमभाई ओरडतात, यल्ला, चल लवकर गार्गी, दरवाजा!

९ नोव्हेंबर
थॉर्नलीची १८४१ची नोंदवही वाचली. जहाजाच्या पोटात आग लागली. त्यानं वरचं झाकण लावून खिळे ठोकायला लावले. हवा बंद झाली, आग विझली, जहाज वाचलं. त्यावर बढती, पदक, शेवटी ते बेट. पानाच्या कडेला बारीक अक्षरात: खाली अकरा खलाशी होते. लक्ष्मण, दाऊद, बाबाजी, जिवा... सगळे दाभोळचे, आमच्याच खाडीवरचे. पुढे एवढंच, की ते बराच वेळ ठोठावत होते.
मी अकराही नावं फलकात घातली. रडले. वाटलं, शिकले ते यासाठीच.

१६ नोव्हेंबर
ताई म्हणाल्या, अगं, हा फलक आहे, श्राद्ध नव्हे. मालकांना शूर दर्यावर्दी हवाय. नावं काढ, नाहीतर नोकरी खलास. धाकट्या बहिणीचं, कोमलचं नर्सिंग कॉलेज माझ्या पगारावर आहे. मी काढली. लिहिलं, 'प्रसंगावधान राखून जहाज वाचवले. जीवितहानी नाही.'
शेवटचे दोन शब्द मला कुणीच सांगितले नव्हते.

१८ नोव्हेंबर
थंड खोलीत दमटपणा एकाहत्तर. यंत्र ठीक आहे. आतून ठकठक येते. इब्राहीमभाईंना सांगितलं, तर म्हणाले, पाइप असेल. त्या भिंतीत पाइप नाही.

१९ नोव्हेंबर
अठ्ठ्याऐंशी. दाराला हात लावला. थंड खोलीचं दार — गरम. ठकठक फक्त मलाच ऐकू येते. बरोबरच आहे. या वेळी झाकण मी —

२० नोव्हेंबर
फलक भिंतीवर लागला. ताईंनी पेढे वाटले.
ठोके कमी झालेत. एकेक जण थांबतोय. पुन्हा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार
सुट्टी. इमारतीत कुणी नाही. छापलेल्या फलकावर शाईनं अकरा नावं लिहिली. उद्या पुसतील, माहीत आहे. तेवढ्यानं ठोके थांबले नाहीत. एकच उरला होता, अगदी हळू —
दार मी उघडलं आहे. आत उंबऱ्याशी बसून लिहितेय. धुरात नीट दिसत नाही. त्यांनी सरकून मला जागा केली. कुणीतरी आमच्या बोलीत विचारलं, पोरी, तू कशाला आलीस? मी सांगणार होते, पण बाहेरून कुणीतरी दार लोटलं, आणि आता खिळे —