कावळा कुणाचं ऐकून आला?

प्रिय पप्पा,

रविवारी मढचे पाहुणे मला बघायला यायचेत. तुम्हाला विचारल्याशिवाय त्यांच्यासमोर पोहे घेऊन जायचं कसं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही, माहितेय. पण आणखी कुणाला विचारू?

तुम्ही गेल्यापासून मी रडले नाही. बायका आईच्या कानात म्हणतात, "पोरीनं लई आत घेतलंय." आत काहीच नाही हो! चहा पिते, शेण काढते, गोठ्यात तुमच्या चपला दिसल्या तर ओलांडून पुढं जाते. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हाला शोकावर एक अख्खं प्रकरण होतं. घरचं माणूस गेल्यावर काय काय वाटतं, ते सगळं मी पेपरात लिहून आले होते. त्यातलं मला काहीच वाटत नाही. नुसतं बधिर.

माझ्या डिग्रीचं नाव, हेल्थ अँड सोशल सायन्सेस, तुमच्या जिभेवर कधी बसलंच नाही. डेअरीवर कुणी विचारायचं, "पोरगी नर्स व्हणार का?" तर तुम्ही म्हणायचात, "न्हाई राव. माणूस आजारी पडायच्या आधीच त्याच्या घरी जाऊन बसायचं, असं शिकती ती." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात.

आणि स्वतः काय केलंत? मी आणे गावच्या पठारावर घरोघर फिरून लोकांना "बीपी तपासा" म्हणून सांगत होते, आणि तुम्ही घरात डोक्याला बाम चोळत बसला होतात! "तुझा कोर्स व्हऊ दे, मग तूच तपास." असं कुणी थांबतं का, पप्पा? दूध घालून येताना रस्त्याकडेला बसलात ते उठलाच नाहीत. याचा मात्र मला राग येतो. तेवढाच येतो.

दहाव्याला नदीवर प्रवचन झालं, पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकानं तर तुमचं नावच चुकवलं. मग पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. कुणी म्हणालं, गाईंचं आम्ही बघू. कुणी म्हणालं, विहिरीचं काम पुरं करू. छे! शेवटी नाना, तुमचे थोरले भाऊ, हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "बाळू, पोरीची काळजी करू नको. कॉलेज बास झालं. या वर्षीच उजवून टाकतो तिला."

आणि कावळा खाली आला!

"बघा, जीव लेकीत अडकला व्हता," सगळा घाट हळहळला. झालं. शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि माझं कॉलेज एका कावळ्यानं बंद केलं. नाना वाईट नाहीत. घरी येऊन ते ढसाढसा रडले, म्हणून तर मला त्यांच्याशी भांडता येईना. मलाही वाटायला लागलं, खरंच तुमची हीच इच्छा होती का? मग हॉस्टेलवर सोडताना "डिग्री घेतल्याबिगर माघारी येऊ नको" असं कशाला म्हणालात?

काल भाकरी करताना आईला विचारलं. ती तव्याकडे बघतच म्हणाली, "नाना बोलले, तवा मीबी बोलले व्हते."

"काय?"

"मनात. म्हणलं, तिचं शिक्षान मी पुरं करते, तुमी निघा आता. तेवढ्यात कावळा आला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एवढ्या माणसांत? दीर बोलत असताना?" तिनं भाकरी उलटली. "त्यांचं तेवढं सगळ्यांना ऐकू गेलं."

मला हसू आलं की काय आलं, कळलं नाही. पण काहीतरी आलं.

तुम्ही कुणाचं ऐकून निघालात, ते आता विचारत नाही, पप्पा. रविवारी नानांसमोर, पाहुण्यांसमोर, आईचं बोलणं मी मोठ्यानं सांगेन. तिनं तुम्हाला शब्द दिलाय, आणि तो मी कुणाला मोडू देणार नाही.

तुमची,
ऋतू