तिसऱ्या अंकातलं पान

आण्णा, तुमची नाटकाची वही गेल्या महिन्यात सापडली. आईला तिच्या पत्र्याच्या ट्रंकेसकट माझ्या चिखलीच्या फ्लॅटवर आणलं, त्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांखाली होती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुमचं नाटक पडलं त्याला बावीस. एवढ्या वर्षांत मी ती वही एकदाही शोधली नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे पळवाट राहणार नाही.

यात्रेचं नाटक तेव्हा गावचंच असायचं. तुम्ही लिहायचं, तुम्हीच बसवायचं आणि प्रयोगाला विंगेत बसून वाक्यंही तुम्हीच पुरवायची. बांधावरून दोन भाऊ कोयते उगारतात आणि बहीण मध्ये येऊन उभी राहते, असं त्या वर्षीचं नाटक होतं. वही एकच, म्हणून प्रत्येकाला त्याची स्वतःची वाक्यं आणि आधीच्याचे शेवटचे दोन शब्द, एवढंच उतरवून द्यायचं. त्याला तुम्ही नक्कल म्हणायचात. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे. मी स्वयंपाकघरात पाट मांडून बसलेय, तुम्ही बशीतला चहा फुंकत मागून बघताय आणि म्हणताय, "बैस झालं, डोळे दुखतील." हे दृश्य मला अजून झोपू देत नाही.

नटी पुण्याहून ऐन प्रयोगाच्या दिवशी यायची. शाळेच्या पडवीत महिनाभर चाललेल्या तालमींत तिची वाक्यं मी वाचायचे. तिसऱ्या अंकातलं बहिणीचं दीड पानांचं भाषण मला वही न बघता यायला लागलं. एका संध्याकाळी मी ते पुरं म्हणून दाखवलं. थोरल्या भावाचं काम करणारे शेजारचे पैलवान काका, एवढा दांडगा माणूस, पटक्याच्या शेवानं डोळे पुसत म्हणाले, "आण्णा, नटी कशापायी आणायची? पोरीलाच उभी करा की." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "ती वाचाया हाय, नाचाया न्हाई." सगळे हसले. तुम्हीही हसलात. त्या हसण्याचा मला जेवढा राग आला, तेवढा पुढे कशाचाच आला नाही, सासरीसुद्धा. नटीची नक्कल तेवढी काढायची राहिली होती. ती मी दुसऱ्या दिवशी लिहिली आणि पाकिटात घालून पोस्टात टाकली. तिच्यात तिसऱ्या अंकातलं ते भाषण नव्हतं.

प्रयोगात दोन अंक छान गेले. मग भावांनी कोयते उगारले, नटी मध्ये आली आणि गप्प उभी राहिली. तिच्या नकलेत तिथे बोलायला काही नव्हतंच. तुम्ही विंगेतून पहिलं वाक्य दिलंत. ती बावरून तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही पुन्हा दिलंत, मोठ्यानं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. माइकनं ते सगळं उचललं आणि बहिणीचं भाषण तुमच्या घोगऱ्या आवाजात अख्ख्या मैदानानं ऐकलं. पैलवान काकांचा हात भरून आला, त्यांनी कोयता दुसऱ्या हातात घेतला, आणि लोक जे हसत सुटले ते थांबेचनात. मागून कुणीतरी ओरडलं, "आण्णा, लुगडं नेसून भायेर या." मी बायकांत बसले होते. आई माझ्या शेजारी रडत होती. मी रडले नाही.

सकाळी मंडळाची माणसं ओट्यावर आली. नक्कल कुणी काढली, हा त्यांचा पहिला सवाल. आत तांदूळ निवडता निवडता मी ऐकत होते. तुम्ही वही उघडून त्यांच्यापुढे धरलीत. "नक्कल बराबर हाय. ते भाषण म्याच काटलं व्हतं. तालमीत पोरगी पाठ म्हनायची, म्हनून ध्यानात ऱ्हायलं न्हाई. चूक माझी." जाताना कुणीतरी म्हणालं, आण्णांचं आता वय झालं, विसरतात. मीही तेच खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं. पुढल्या यात्रेला ऑर्केस्ट्रा आला. तुम्ही पुन्हा लिहायला बसला नाहीत. यात्रेच्या दिवशी सकाळीच भाकरी बांधून रानात जायचात आणि दिवेलागणीला खाली मान घालून परत यायचात. असं आठ वर्षं चाललं. आता नाटकाच्या मैदानात कंपन्यांचे कंटेनर उभे असतात, आणि इथे नाटक व्हायचं हे सांगितलं तर ड्रायव्हर लोकांना खरं वाटत नाही.

मी चाकणला कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. ड्रॉइंगमध्ये आहे आणि पार्टमध्ये नाही, ते पकडायचं. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं साहेब चारचौघांत सांगतात आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं.

तर वही. सगळं नाटक तुमच्या काळ्या शाईत आहे. तेवढ्या दीड पानावर निळ्या बॉलपेनच्या उभ्याआडव्या रेघा आहेत, इतक्या दाबून मारलेल्या की मागचं पान फाटलंय. तुमच्याकडे बॉलपेन कधीच नव्हता. तो माझा, नकला काढायचा. मी वही घेऊन आईकडे गेले. ती म्हणाली, "त्यास्नी त्याच राती कळलं व्हतं. म्हनले, सात नकला काढून पोरगी दमली व्हती, पान सुटलं तिच्याकडनं. तिला कदी बोलू नगंस, मनाला लावून घील. किती जीव व्हता बघ तुझ्यावर." मी "हो" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आण्णा, पान सुटलं नव्हतं. मी दमलेही नव्हते. ते भाषण मी एकदा मनातल्या मनात पुरं म्हणून घेतलं, पान उलटलं, आणि भाषणानंतरचं वाक्य आधीच्या वाक्याला नीट जोडून लिहिलं. तुम्ही तुमचं सगळ्यात चांगलं पान खोडलंत ते एका दमलेल्या मुलीसाठी. तशी मुलगी त्या घरात नव्हती. तुम्ही मला कधी माफ केलंच नाहीत, कारण माफ काय करायचं ते तुम्हाला कळलंच नाही, आणि आता कळवायला कुणी उरलं नाही.

हे पत्र त्याच पानात ठेवायचं म्हणून घडी घातली होती. पण आई हल्ली रोज दुपारी माझ्या मुलीकडून वहीतलं एकेक पान वाचून घेते. दुसरा अंक संपत आलाय. म्हणून पत्र वहीत ठेवत नाही. आईला कळायला नको.