मनोऱ्याखालची बारकी माणसं

सर, परवा तुमच्या लाडकीच्या घरी गेले होते. करमाडहून एसटीनं शिकवणीला यायची ती. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुम्ही दिलेलं चित्र तिच्या बैठकीत अजून टांगलेलं आहे. मी "वा" म्हणाले. पोटात मात्र जळलं, आणि पन्नाशीतही जळतं याची लाजसुद्धा वाटली नाही.

शाळेच्या दिवसांतली ती रविवारची सकाळ. तुमच्या औरंगपुऱ्यातल्या खोलीत आम्ही दोघी चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करतोय. जुन्या बाजारातून आणलेलं, इंग्रजांच्या काळातलं ते छापील चित्र भिंतीला टेकवलेलं आहे. मुंबईतली कुठलीशी सरकारी इमारत, गॉथिक धाटणीची: टोकदार कमानी, घड्याळाचा मनोरा, पन्हळीच्या तोंडाशी दगडी राक्षस. त्याची नक्कल करायची. मी एक डोळा मिटून, हात ताठ धरून, पेन्सिलीनं एकेक माप घेते. माझी एकही कमान चुकत नाही. तिचा मनोरा पार कलंडलेला, आणि ते बघून मला आतून गुदगुल्या होतात. तेवढ्यात ती मान वर करून विचारते, "सर, ही मान्सं इतकी बारकी का काढलीत? दाराच्या पायरीएवढी बी नायत."

तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. "व्हय. मनोरा मोठा दिसावा म्हणून मान्सं बारकी केलीत. इंग्रजांच्या देवळाची कमान कचेरीला लावायची, वर घड्याळ टांगायचं, म्हंजे अर्ज घेऊन आलेला माणूस दारातच वाकतो. अन् ज्यानं इमारत पाहिलीच नाय, त्याला घरबसल्या वाकवायला हे चित्र." मग माझ्या कागदाकडं बघून म्हणालात, "हात तुझा लई छान हाय. डोळा मात्र हिचा." आणि चित्र कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलंत. माझ्यादेखत. निदान मी गेल्यावर तरी द्यायचं होतं, सर.

आता मीही चित्रकला शिकवते. दरवर्षी मुलांना तुमचं हे सगळं सांगते आणि तिला तेवढं वगळते. मग माझी जुनी नक्कल काढून दाखवते. त्या नकलेत माणसं दाराच्या मापात आहेत, कमानीखालून ताठ मानेनं चालणारी. "बघा, शाळेत असतानाच मला ही लबाडी दिसली होती, म्हणून मी दुरुस्त केली," असं मी सांगते आणि मुलं माना डोलावतात. परवा निघताना ती म्हणाली, "तुझी नक्कल दे की मला. शेजारीच लावते. सरांच्या आपण दोघी." मी म्हटलं, हरवली.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. नक्कल कपाटातच आहे. ती तिला देता येत नाही, कारण तिचा डोळा तुम्ही म्हणालात तसाच आहे, आणि त्या माणसांखालचा कागद खोडरबरानं झिजलेला आहे. तुम्ही तिला चित्र दिलंत, त्याच दुपारी घरी जाऊन मी ती माणसं मोठी केली. त्याआधी ती मुंगीएवढीच होती, आणि मला त्यात काहीच खटकलं नव्हतं.