गाडीखालच्या माणसाशी बोलणं

आई, नानांच्या त्या दोन सीटांच्या जुन्या गाडीचं डिफरन्शियल मी पुन्हा उतरवलंय. तुला ऐकायचं नसेल, तरी सांगतो: मागच्या चाकांच्या मधोमध असतो तो लोखंडी भोपळा. वळणावर एक चाक जास्त फिरतं, एक कमी. दोघांना एकत्र ठेवून ज्याला त्याला आपापलं फिरू द्यायचं, एवढंच त्याचं काम. नाना म्हणायचे, असं एखादं घरात बसवता आलं असतं तर सुख लागलं असतं. तू म्हणायचीस, त्याचंही तेल तुम्ही वेळेवर बदललं नसतंत.

धुळ्याच्या घरामागच्या फरशीवर नानांचे नियम सूत्रांसारखे होते, भाष्याला जागा नाही. जॅक फक्त उचलायला. खाली शिरायचं ते दोन्ही बाजूंना गाडी पेलणाऱ्या लोखंडी घोड्या लावल्यावरच. पुढच्या चाकांना दगड, कारण हँडब्रेक धरतो मागची चाकं आणि मागची चाकं तर हवेत. मग गाडीला खांद्यानं दणकून ढकलायचं; पडायचीच असेल तर आपण बाहेर असताना पडू दे. आणि शेवटचा नियम: एकट्यानं खाली जायचं नाही. बाहेर कोणीतरी बसायचं, मधूनमधून हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची.

बसायचीस तू. नानांनी हा नियम जीव वाचवायला केला होता, आणि तुला त्यातून आयताच एक नवरा मिळाला जो उठून जाऊ शकत नाही. एरवी तू तोंड उघडलंस की नाना चप्पल शोधायचे. आता फक्त त्यांचे पाय बाहेर. तू स्टुलावर बसली आहेस, मांडीवर सूप, मिरच्यांचे देठ खुडतेस. "जित्ता शेतस का?" जिवंत आहात ना, एवढीच विचारणा. खालून आवाज येतो, "शे." एक देठ खुडतेस आणि सुरू करतेस. त्यांच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात ते कुठे होते, माहेरच्या लग्नाला कोण आलं नाही, दोन सीटांच्या गाडीत तिसऱ्या माणसानं कुठे बसायचं. मग पुन्हा, "जित्ता शेतस का?" "शे." तुझी चौकशी आणि तुझं बोलणं यांचा आवाज अगदी एकच असायचा, कुठे काळजी संपते नि कुठे मारणं सुरू होतं, हे मला इतकं व्याकरण शिकूनही सांगता येणार नाही.

एकदा नाना तो भोपळा जॅकवरून छातीशी सांभाळत उतरवत होते, दोन्ही हात गुंतलेले. तेवढ्यात तू शांतपणे म्हणालीस, "तुमनासंगे लगन करानं का, म्हनीसन माले कोनी इचारंच नही." तू वाट पाहिलीस. मग विचारलंस, "जित्ता शेतस का?" "शे," नाना म्हणाले. मला हसू आलं. तू माझ्याकडे वळलीस, "तू कसाले हासस रे? तूबी त्यासनाज शेस." मी त्यांचाच: शाप म्हणून हे अगदी नेमकं होतं, हे कबूल करतो.

तू गेल्यावर नाना गाडीखाली कधी शिरले नाहीत. म्हणाले, आता शांतता आहे, पण कामात लक्ष लागत नाही. गाडी माझ्याकडे जळगावला आली.

गेल्या महिन्यात डिफरन्शियल घरघरायला लागलं, म्हणून रविवारी सकाळी घोड्या लावल्या. बाहेर तुझी सून बसली, मोबाइल घेऊन. तिची जीभ तुझ्यासारखी नाही. ती शाळेत पोरांशी बोलते तसं स्वच्छ बोलते.

"अहो, आहात ना?"

"आहे."

"मी यावलला बदली मागितली होती. मिळाली."

मी म्हणालो, "रोज एसटीनं हाल होतील तुझे."

"रोज नाही. खोली बघून आलेय तिथे."

खालून तिच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत.

"सुट्टीला?" मी विचारलं.

"बघू. तसंही घरी तुम्ही कुठे असता? आणि असलात तरी काय? ऐकलंत का मी काय म्हटलं?"

आई, मी तिला थांब म्हणू शकलो असतो. लहान शब्द आहे, आज्ञार्थी, पोरांनाही येतो. मी म्हणालो, "जरा तेरा नंबरचा पाना दे गं."

ती उठली. पेटीतले पाने एकेक करून फरशीवर काढल्याचा आवाज आला. मग सगळे एकदम ओतल्याचा. बराच वेळ शोधत होती. "इथं नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. मग चपला घराकडे गेल्या आणि बाहेर कोणी उरलं नाही.

तू इतकं टोचलंस, पण नाना बाहेर येईपर्यंत स्टुलावरून कधी उठली नाहीस. तिला मी उठवलं. ती यावलला गेली, गाडी अजून घोड्यांवर आहे. शेजारच्या भाऊंना बसा म्हणता येईल; ते क्रिकेटबद्दल बोलतील.

हे तिला सांगायला हवं, तुला नव्हे. तुला सांगणं सोपं, तुझी हाक यायची नाही. म्हणून तुलाच सांगतो: पाना पेटीत नव्हताच. माझ्या हातात होता.