मेलेल्या मुलाच्या नावे बुकित बातोकचा फ्लॅट

मी, श्रीमती सुरेखा पद्माकर टिळेकर, वय छप्पन्न, शिक्षण चौथी, राहणार बुकित बातोक, सिंगापूर. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून माझ्यामागे कोणाला काय, ते स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. नाही म्हणणारे दोघे होते. त्यातले माझे यजमान गेल्या वर्षी वारले. दुसरा पुतण्या सौमित्र. वकील विनीता याचं इंग्रजी करील, तिने माझं काही गाळू नये.

एक. राहता फ्लॅट माझा मुलगा क्षितिज यास द्यावा. सौमित्र म्हणेल, संन्याशाला वारसा नसतो. क्षितिजने काशीकडच्या मठात संन्यास घेतला तेव्हा रीतीप्रमाणे स्वतःचं श्राद्ध स्वतः घातलं, हे खरं. यजमानांनी इथे त्याच्या नावाने अंघोळ केली. सहा वर्षांनी तो भगवं उतरवून परत आला, तर यजमान फ्लॅटच्या दारावरच्या लोखंडी गेटच्या आतून म्हणाले, "मेलेली माणसं परत येत नसतात." किल्ली त्यांच्या खिशात. मी मागितली, दिली नाही. पोरगं "इट्स ओके, आई" म्हणून लिफ्टने खाली गेलं.

विनीताला विचारलं. ती म्हणाली, "काकू, इथल्या कायद्याला तो जिवंतच आहे." मग झालं तर.

दोन. जर्मन साधूची तसबीर. बुकित तिमाहला ज्या जर्मन बाईंकडे मी स्वयंपाक करायची, त्यांच्या घराण्याचा हा मूळपुरुष आन्सेल्म, पाचशे वर्षांमागचा. बाई मायदेशी जाताना तसबीर मला देऊन गेल्या. त्यांनी सांगितलेलं असं. मठात घेताना त्यालाही जमिनीवर निजवून वर काळं कापड घातलं, मयताची घंटा वाजवली. तिथे त्याने मधमाश्या पाळल्या. पुढे लूथरची मतं पटली, तेव्हा मठ सोडला, लग्न केलं, एका खेड्यात पाद्री झाला. बाप म्हणाला, माझा मुलगा केव्हाच पुरला. आई मात्र चालत गेली आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. तोवर त्याचं सगळं लॅटिन, तिला एक अक्षर कळत नसे. त्या दिवशी तो तिच्या बोलीत बोलला.

हा आन्सेल्म माझ्या स्वप्नात येतो. आमच्या ब्लॉकखाली बर्फ पडलेलं, तो अनवाणी, दाढीत मधमाश्या. बोलतो जर्मन, मला कळतं. विचारतो, कितवा मजला? आम्ही लिफ्टमध्ये शिरतो, लिफ्ट वर जात राहते, मजले संपत नाहीत. त्याचा काळा झगा हळूहळू क्षितिजच्या शाळेच्या युनिफॉर्मसारखा पांढरा होतो. जाग येते तेव्हा उशीला मधाचा वास असतो. हेही इंग्रजीत घ्यावं. स्वप्न माझं आहे, मालमत्तेत धरावं.

तसबीर क्षितिजला. आवडली नाही तरी भिंतीवर असू द्यावी.

तीन. यजमानांची आरामखुर्ची सौमित्रला. मात्र त्याने स्वतः येऊन, बेल वाजवून, क्षितिजच्या हातून न्यावी.

चार. पुरणयंत्र शेजारच्या मीनलला. तिचं पुरण सैल होतं. शिकेल.

पाच. मला अग्नी क्षितिजने द्यावा, दिवसही त्यानेच करावेत. गुरुजी म्हणतील, मेलेल्याने मेलेल्याचं कसं करायचं? त्यांना सांगावं, दक्षिणा जिवंत माणूस देतोय.

सहा. पहिलं कलम माझ्या मरणापर्यंत थांबवायची गरज नाही. ऑपरेशनातून वाचले तर पोराने काय आणखी वीस वर्षं बाहेर राहायचं? म्हणून आज सकाळी मीच वूडलँड्सला त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेले.

"आई, बाबांना चाललं नसतं."

"बाबांचं वर्षश्राद्ध झालं. बॅग उचल."

"ओके, ओके, कमिंग ला." इथल्या पोरांचं बोलण्याच्या शेवटी लावायचं ते "ला" मठातही सुटलं नाही.

घरी आला, आमटीभात जेवला, आतल्या खोलीत आडवा झाला, तो अजून उठलेला नाही. साक्षीदारांनी सह्या करताना हळू बोलावं.

सही: सुरेखा पद्माकर टिळेकर

साक्षीदार, दोघेही एकाच मजल्यावरचे, यातलं काहीही न मिळणारे:
अनघा निशिकांत राजवाडे
कुशल दिलीप वर्तक

बुकित बातोक, सिंगापूर
रविवार, २२ जून २०२५, दुपार